सोत्सियालर टाग : एका दिवसाची मदतनीस, पूर्ण दिवसाची मजुरी

उत्तर जर्मनीतल्या कील शहराच्या पूर्व किनाऱ्यावर, गार्डेन भागात माझं भारतीय किराणा मालाचं दुकान आहे. पुढे डाळी, तांदूळ, मसाले, लोणची आणि मागे छोटं स्वयंपाकघर. दुपारी वडापाव आणि डाळभात मिळतो. दर उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागण्याआधी इथे ‘सोत्सियालर टाग’ म्हणजे ‘सामाजिक दिवस’ येतो. त्या दिवशी मुलं शाळेऐवजी एखाद्या दुकानात, कचेरीत किंवा कुणाच्या घरी कामाला जातात. मजुरी त्यांच्या हातात पडत नाही. ती परदेशातल्या मुलांच्या आणि तरुणांच्या प्रकल्पांसाठी जाते. जर्मनीतले आपले बरेच लोक मला विचारतात की हे काय प्रकरण आहे, असं मूल कामावर घ्यावं का, त्रास होतो का, पैसे कुठे जातात. मी काम देणाऱ्याच्या बाजूने हे पाहिलं आहे, तेव्हा सविस्तरच लिहिते.

माझं मत आधीच सांगते. जरूर घ्या. पण काम खरं द्या आणि मजुरीही खरी द्या. यातलं एक जरी जमणार नसेल, तर मुलाला सरळ नाही म्हणा, म्हणजे ते दुसरीकडे विचारेल.

माझ्याकडे आलेली मुलगी नववीतली, पंधरा पूर्ण झालेली. आई-वडिलांपैकी कुणी सोबत नव्हतं, एकटीच आली. पाठीला दप्तर, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये करारपत्र. ‘मोइन’ (इथला नमस्कार) म्हणून उभी राहिली आणि विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे काम आहे का? मी म्हटलं, तुला काय येतं? ती म्हणाली, “माझं अक्षर चांगलं आहे, मोजण्यात चुकत नाही आणि दहा किलोची पिशवी उचलू शकते.” इतकं नेमकं उत्तर मला मोठ्या माणसांकडूनही क्वचित मिळतं. मी होकार दिला.

कागदपत्रांना घाबरण्यासारखं काही नाही. करारपत्रावर काम देणाऱ्याची, मुलाची आणि पालकांची सही लागते. कामाची वेळ आणि मजुरी आधी ठरवून त्यात लिहायची. काम झालं की मजुरी बँकेतून थेट हा दिवस चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यावर पाठवायची. रोख पैसे मुलाच्या हातात द्यायचे नाहीत. ही देणगी नसून कामाचा मोबदला आहे, त्यामुळे देणगीची पावती मागू नका. माझ्या हिशेबात ती नेहमीच्या मजुरीच्या खात्यावरच पडली. तिच्या शाळेने हा दिवस शाळेचाच कार्यक्रम धरला होता, त्यामुळे विम्याची वेगळी काळजी करावी लागली नाही. तरी प्रत्येकाने आपापल्या भागातल्या शाळेला हे एकदा विचारून घ्यावं.

मजुरी किती, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. व्यवसायशिक्षण पूर्ण न झालेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना जर्मनीतला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, म्हणजे आकडा तुम्ही आणि मुलाने मिळून ठरवायचा. मी २०२५ च्या किमान वेतनाचा दर धरला, ताशी १२.८२ युरो. सहा तासांचे होतात ७६ युरो ९२ सेंट. मी ८० लिहिले. तिने कागदावर गुणाकार करून पाहिला आणि म्हणाली, “हे तीन युरो जास्त आहेत.” मी म्हटलं, दहा किलोच्या पिशव्यांचे.

आता कामाविषयी. मला तिला स्वयंपाकघरात घेता आलं नाही आणि हे खाण्यापिण्याचा व्यवसाय असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. उघड्या अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाकडे इथे आरोग्य खात्याच्या शिकवणीचा दाखला लागतो. तो तिच्याकडे नव्हता आणि एका दिवसासाठी कुणी काढतही नाही. तिला वडे तळायची फार इच्छा होती. दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. सुरी, गरम तेल, स्लायसर यांपासून लांब ठेवायचं आणि सहा तासांच्या कामात अर्ध्या तासाची सुट्टी द्यायचीच, हा तरुण कामगारांचा नियम आहे. दुकानाच्या पुढच्या भागात मात्र एका दिवसात न संपणारं काम होतं. ते म्हणजे लेबलं.

भारतातून येणाऱ्या पाकिटांवर जर्मनमध्ये माहिती असलेलं लेबल चिकटवावं लागतं. काय काय घातलं आहे, किती वजन, कोणी आयात केलं, कधीपर्यंत चांगलं राहील, हे सगळं त्यावर हवं. शिवाय युरोपच्या नियमाप्रमाणे ॲलर्जीचे चौदा घटक यादीत उठून दिसायला हवेत, बहुधा ठळक अक्षरात. गहू, शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध ही त्यातली आपल्या रोजच्या वापरातली नावं. आयातदार लेबलांचे ताव पाठवतो, चिकटवायचं काम दुकानदाराचं. एरवी मी ते रात्री शटर ओढल्यावर करते.

मी तिला एक खोकं हिंगाचं दिलं. डब्या छोट्या, लेबलही छोटं, अक्षरं तर मुंगीएवढी. काही वेळाने ती डबी आणि लेबल दोन्ही घेऊन माझ्यापाशी आली. डबीवर भारतातल्या छपाईत गव्हाच्या पिठाचा उल्लेख होता. जर्मन लेबलावर ‘वाइत्सन’ म्हणजे गहू होतं, पण साध्या अक्षरात, बाकीच्या शब्दांमध्ये हरवून गेलेलं. तिच्या वर्गातल्या एका मुलाला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही, त्यामुळे ती असं काहीही विकत घेताना वाचते. तिने विचारलं, “हे ठळक असायला नको का?” असायलाच हवं होतं. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतंच, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरणं अवघड. आपल्याकडच्या कित्येक लोकांनाही हे माहीत नसतं. मी सगळं खोकं बाजूला ठेवलं, त्याच दुपारी आयातदाराला फोटो पाठवला आणि नवे ताव मागवले. तिने खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘विकायचं नाही’ लिहून ठेवलं. अक्षर चांगलं आहे म्हणाली होती, ते खरंच होतं.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगण्याचं कारण असं, की ‘शाळेची पोरं काय काम करणार’ हे वाक्य मी फार ऐकते. काम नीट समजावून सांगितलं तर पंधरा वर्षांचं मूल नीट काम करतं. तिने हिंगाव्यतिरिक्त डाळींची लेबलं लावली, तांदळाच्या पिशव्या तारखेप्रमाणे मागे-पुढे केल्या, मुदत संपत आलेला माल वेगळा काढून त्याची यादी केली. मोजण्यात ती खरंच चुकली नाही.

तिच्या सुट्टीत आम्ही काउंटरच्या मागे बसून डाळभात खाल्ला. मी विचारलं, तुझे हे ऐंशी युरो जाणार कुठे? ती म्हणाली, “बोस्निया, कोसोव्हो, तिकडच्या मुलांसाठी. आणि जॉर्डनमध्ये सीरियातून आलेल्यांसाठीही.” एवढं तिला माहीत होतं. त्यापुढचं आम्हाला एका गिऱ्हाईकाने सांगितलं. आमच्याकडे एक बोस्नियन बाई नेहमी येतात, बारीक भेंडीसाठी. त्यांच्याकडे भेंडीचं एक सूप करतात, त्याला लहान भेंडीच लागते. बोस्नियातल्या युद्धाच्या वेळी त्या जर्मनीत आल्या. त्या काळात इथे तीन लाखांहून जास्त बोस्नियन लोक आश्रयाला आले होते आणि युद्ध थांबवणारा १९९५ चा डेटन करार झाल्यावर बहुतेकांना परत जावं लागलं. या राहिल्या. आमचं बोलणं ऐकून त्या थांबल्या आणि मुलीला म्हणाल्या, “माझ्या बहिणीची नातवंडं ज्या इमारतीत शिकतात, तिथे दोन शाळा आहेत. एक बोस्नियाक मुलांची, एक क्रोएट मुलांची. दारं वेगळी, पुस्तकं वेगळी.”

बोस्नियाक म्हणजे बोस्नियातले मुस्लिम. मुलीला आधी हे खरंच वाटेना. पण ते तसंच आहे. युद्धानंतर घरी परतणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेत यावीत म्हणून ‘एका छपराखाली दोन शाळा’ ही तात्पुरती सोय केली गेली आणि ती तशीच राहून गेली. ओएससीई या युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात अशा २८ जागा आणि ५६ शाळा मोजल्या आहेत. यायत्से गावात २०१६ साली आणखी एक वेगळी शाळा काढायचा बेत होता, तेव्हा तिथल्याच दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकत्र येऊन विरोध केला आणि तो बेत मागे घ्यायला लावला. बाईंनी हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढला होता. मुलगी जेवायची थांबली होती. तिने नंतर मला विचारलं, “त्या मुलांचं वय काय असेल?” मी म्हटलं, तुझ्याएवढीच, एखाद-दोन वर्षांनी मोठी.

सोत्सियालर टाग चालवणाऱ्या संस्थेचं नाव श्यूलर हेल्फन लेबन. युगोस्लाव्हिया फुटत असताना १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं, त्या वर्षी एप्रिलपासून सारायेव्होला वेढा पडला होता. टीव्हीवर ते पाहून जर्मनीतल्या शाळकरी मुलांनी मदत गोळा करायला सुरुवात केली, त्यातून ही संस्था उभी राहिली. कामाच्या दिवसाची कल्पना स्कँडिनेव्हियातून आली. नॉर्वेची मुलं १९६४ पासून ‘ऑपरेशन डाग्सव्हर्क’ करतात, तेही असंच, एक दिवस काम आणि मजुरी दुसऱ्या देशातल्या शिक्षणाला. जर्मनीत पहिला सोत्सियालर टाग १९९८ मध्ये झाला तो आमच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात, आणि नंतर इतर राज्यांत पसरला. मोहिमेचं रोजचं काम शाळा नुकतीच संपवलेली तरुण मुलं एक वर्ष स्वयंसेवक म्हणून करतात. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पैसे कोणत्या प्रकल्पाला द्यायचे, यावर भाग घेणाऱ्या शाळांमधली मुलं एकत्र जमून चर्चा करतात आणि मतदान करतात. ज्याने घाम गाळला त्यालाच कौल द्यायचा हक्क.

मी इथे मुलांनी पैसे जमवण्याचे इतरही प्रकार पाहिले आहेत. आम्ही आधी बव्हेरियात राहायचो. तिथे सहा जानेवारीच्या सुमारास ‘श्टेर्नसिंगर’ मुलं येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांचे मुकुट घालून दारोदार गाणी म्हणत येतात, दारावर खडूने आशीर्वाद लिहितात आणि डब्यात पैसे घेतात. १९५९ पासून ही मोहीम चालू आहे आणि आजवर एक अब्ज युरोंच्या वर रक्कम जमली आहे. थंडीत कुडकुडत फिरणाऱ्या त्या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. शाळांमधली प्रायोजित धावही मी पाहिली आहे. मूल जितक्या फेऱ्या मारेल तितके युरो आजी-आजोबा, काका, शेजारी देतात. केक विकण्याचे स्टॉल तर प्रत्येक शाळेत असतात. हे सगळं चांगलंच आहे. पण धावेत ज्याच्या घरी पैसा जास्त त्याच्या फेरीची किंमत जास्त, आणि केक बहुतेक वेळा आईने केलेला असतो. कामाच्या दिवशी मात्र मूल स्वतः काम शोधतं, स्वतः दर ठरवतं, स्वतः राबतं. माझी पसंती त्याला.

यामागे माझं बालपणही आहे. मी सातारा जिल्ह्यातली, रयतच्या शाळेत शिकलेली. आमच्या शाळेत सात डिसेंबरला ध्वजदिनाचे छोटे झेंडे वाटायचे. ते विकून पैसे गुरुजींकडे जमा करायचे. बहुतेकांचे झेंडे घरातच खपायचे, वडील एकदम सगळे घेऊन टाकायचे. स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ मात्र निराळी होती. कुणी शेंगा निवडून द्यायचं, कुणी भाजीचा स्टॉल लावायचं, कुणी एखाद्या दुकानात गठ्ठे बांधून द्यायचं. त्या चार-आठ रुपयांचा रुबाब वेगळाच असायचा. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती ‘कमवा आणि शिका’ या वाटेने गरिबाच्या पोराला शिकवायला. हातात कुदळ घेतलेला विद्यार्थी आम्हाला नवा नव्हता. म्हणून आपल्या लोकांना ‘मुलाला शाळा बुडवून कामाला का पाठवायचं’ असं वाटतं तेव्हा मला राहवत नाही. या एका दिवसात शाळा बुडत नाही. माझ्याकडच्या मुलीने त्या दिवशी अन्नाच्या लेबलाचा कायदा, मजुरीचा हिशेब आणि बोस्नियाचा इतिहास हे तिन्ही शिकून घेतलं.

तक्रारी आहेत, आणि त्या स्पष्ट लिहायला हव्यात.

पहिली तक्रार काम देणाऱ्यांबद्दल. या मुलीच्या वर्गातला एक मुलगा जवळच्याच एका दुकानात गेला होता. मालकाने करारावर सही केली, दहा युरो लिहिले आणि त्याला दिवसभर गोदामात खोकी फोडायला लावलं. दुसऱ्या एका ठिकाणी ओळखीच्या माणसाने वीस युरो लिहून ‘काही काम नाही, जा घरी’ म्हणून पाठवून दिलं. पहिल्यात मुलाची लूट आहे, दुसऱ्यात त्याचा अपमान. दहा युरोत सहा तासांचं काम करून घेणाऱ्याने परदेशातल्या मुलांचे पैसे खाल्ले, असंच मी म्हणेन. आपल्या लोकांकडून हे होऊ नये.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. काम शोधायची जबाबदारी मुलावर असते. ज्याचे वडील वकील, ज्याची आई डॉक्टर, त्याला एका फोनवर कचेरीत जागा मिळते. गार्डेनमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथे आई-वडील स्वतःच नव्याने आलेले, भाषा कच्ची, ओळखी नाहीत. त्या मुलांना दहा दुकानांतून नकार मिळतो. ज्याला काम मिळालं नाही, त्याने त्या दिवशी शाळेत बसायचं, असा तिच्या शाळेचा नियम होता. बाकीचा वर्ग कामावर आणि पाच-सहा मुलं रिकाम्या वर्गात. ती पाच-सहा मुलं कोण असतात हे सांगायची गरज नाही. शाळेने दुकानदारांची यादी आधी करून ठेवली तर हे टळेल. हे मी शाळेत जाऊन सांगितलं. तिथल्या शिक्षिकेने ऐकून घेतलं आणि नावं द्या म्हणाली. मी आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांची नावं दिली, त्यांना विचारूनच.

तिसरी गोष्ट, शाळेने मुलांना पैसे कुठे जातात हे आणखी खोलात सांगायला हवं. या मुलीला देशांची नावं पाठ होती, पण तिथे नेमकं काय चाललं आहे ते तिला भेंडी घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाईकाकडून कळलं. प्रत्येक शाळेला असं गिऱ्हाईक मिळणार नाही.

आता ज्यांच्याकडे दुकान नाही त्यांच्यासाठी. घरगुती कामही चालतं. बागेतलं गवत, तळघर आवरणं, खिडक्या पुसणं, सायकल धुणं, शेजारच्या आजींना बाजारहाट करून देणं. घरून काम करणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना तर हे सहज जमेल. मराठी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी खास विनंती आहे. गणपतीच्या सामानाची मोजदाद, पुस्तकांच्या कपाटाची यादी, भांड्यांवर नावं घालणं ही कामं वर्षानुवर्षं पडून असतात. एका मुलाला सहा तास बोलवा, मजुरी मंडळाच्या खात्यातून द्या.

काही बारीक सूचना. मूल विचारायला येईल तेव्हा लगेच हो किंवा नाही सांगा, ‘बघू’ म्हणून लटकवू नका. आदल्या दिवशी कामाचे टप्पे लिहून ठेवा. आपलं मूल असेल तर त्याला आपल्याच दुकानात ठेवू नका, दुसऱ्याकडे पाठवा. जेवण द्या, त्याचे पैसे मजुरीतून कापू नका. आणि त्याच आठवड्यात बँकेतून पैसे पाठवून द्या. मुलं शाळेत विचारतात, तुझे पोचले का.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मी दोघांचं काम काढून ठेवलं आहे. एक लेबलांचं, एक वर्षाअखेरच्या मोजदादीच्या तयारीचं. त्यातली एक जागा ज्याला कुठेच काम मिळालं नाही त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि शाळेच्या ऑफिसला तसं लेखी कळवलं आहे. दर तोच राहील, त्या वर्षीच्या किमान वेतनाचा.